भाकरीची पोळी कशी झाली?

महाराष्ट्र शासनाने गोरगरिबांसाठी आखलेली दोन स्वस्त ताटे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. पहिले ताट १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारचे. एका रुपयात झुणका-भाकर. दुसरे २६ जानेवारी २०२० रोजी महाविकास आघाडी सरकारने सुरू केलेल्या ‘शिवभोजन’ थाळीचे. दहा रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात. टाळेबंदीच्या काळात हीच थाळी पाच रुपयांना मिळू लागली. दोन्ही योजनांचे गुणदोष, केंद्रांच्या वाटपातले राजकारण, अनुदानाचा हिशेब यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष वेधून घेतले ते एका साध्या फरकाने. पंचवीस वर्षांत सरकारी ताटातली भाकरी गेली आणि तिच्या जागी चपाती आली. त्याची कोणी तक्रार केली नाही, कोणाला नवलही वाटले नाही. कारण तोवर ज्यांच्यासाठी ही थाळी होती त्यांच्या घरातही हाच बदल होऊन गेला होता.

हा बदल आवडीनिवडीचा आहे, शहरीकरणाचा आहे, ‘लोकांना आता पोळीच लागते’ म्हणून झालेला आहे, असे आपण सहज म्हणतो. त्यात तथ्य आहेच. परंतु गेल्या ऐंशी वर्षांतले अन्नधान्याचे कायदे, नियंत्रण आदेश आणि खरेदीच्या योजना क्रमाने वाचत गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, या बदलामागे शासनाने ‘स्वस्त’ ठरवलेल्या धान्याचा फार मोठा हात आहे. कायद्याने कोणी ज्वारीवर बंदी घातली नाही. कायद्याने फक्त गहू आणि तांदूळ स्वस्त केले, आणि ते ज्या पद्धतीने केले तिच्यात ज्वारीला जागा उरली नाही.

ज्वारी हे महाराष्ट्राचे केवढे मोठे पीक होते याची आज कल्पना येत नाही. राज्याची स्थापना झाली तेव्हा, १९६०-६१ साली, साठ लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर खरीप आणि रब्बी मिळून ज्वारी होती. सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद, परभणी या पट्ट्यात ज्वारी म्हणजेच जेवण. ‘जेवलास का?’ याऐवजी ‘भाकरी खाल्ली का?’ असे विचारण्याची रीत अजून तिकडे आहे. गहू होता, पण तो सणाचा. पुरणपोळी होळीला, पोळ्याला. रोजच्या तव्यावर भाकरीच. आज ज्वारीचे क्षेत्र त्या वेळच्या एक-तृतीयांशाइतकेही राहिलेले नाही.

या गोष्टीची सुरुवात कायद्याने नव्हे, तर कायदा करण्यास दिलेल्या नकाराने होते. १८७६-७८च्या दख्खनच्या दुष्काळात धान्याचे भाव गगनाला भिडले, तेव्हा इंग्रज सरकारचे धोरण व्यापारात हात न घालण्याचे होते. भाव चढले की धान्य आपोआप टंचाईच्या भागाकडे येईल, हा त्यांचा सिद्धान्त. दुष्काळी कामावरच्या मजुराला सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेली मजुरी म्हणजे दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज केले आणि गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. या चळवळीतून एक प्रश्न पुढे आला. माणसाच्या पोटाला लागणाऱ्या धान्याच्या भावाला सरकार जबाबदार आहे की नाही? पुढे दुष्काळ संहिता आल्या, त्यांनी काम आणि मजुरी देण्याची जबाबदारी मान्य केली. भावाची जबाबदारी मात्र मान्य केली नाही.

ती मान्य करावी लागली दुसऱ्या महायुद्धात. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून दर वर्षी येणारा दहा लाख टनांहून अधिक तांदूळ एकाएकी थांबला. मुंबई शहराला त्याचा फटका लगेच बसला, कारण गिरणगावातला कोकणी कामगार भातखाऊ आणि शहराच्या आसपास एवढा भात पिकत नव्हता. मुंबई सरकारने आधी सरकारी धान्यदुकाने काढली आणि मे १९४३ मध्ये संपूर्ण शहरात शिधावाटप सुरू केले. हिंदुस्थानात असे करणारे मुंबई हे पहिले शहर. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती. मुंबईत तसे घडले नाही याचे मोठे श्रेय या व्यवस्थेला द्यावे लागते. ग्रेगरी समितीने त्याच साली एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटप करावे आणि माणशी दिवसाला एक पौंड धान्य द्यावे, अशी शिफारस केली. १९४६च्या टंचाईत तेही बारा औंसांवर आले.

या व्यवस्थेची दुसरी बाजू खेड्यांत होती. शहरात कार्डावर धान्य द्यायचे तर ते कुठून तरी वसूल करायला हवे. मुंबई प्रांताने त्यासाठी शेतकऱ्यांवर लेव्ही बसवली. तलाठ्याच्या दप्तरातले क्षेत्र आणि पिकाची आणेवारी यांवरून प्रत्येक खातेदाराने सरकारला ठरलेल्या भावाने किती धान्य घालायचे ते ठरे. मोठ्या खातेदाराचा वाटा अधिक, लहानाचा कमी. ‘लेव्ही’ हा शब्द आपल्या ग्रामीण बोलीत तेव्हा शिरला तो कायमचा. ‘कंट्रोल’, ‘रेशन’, ‘ब्लॅक’ हेही त्याच काळातले. पेवात पुरलेली ज्वारी लेव्हीच्या माणसापासून कशी वाचवली, याच्या गोष्टी मी जुन्या माणसांकडून ऐकल्या आहेत. त्यातला कितवा हिस्सा खरा कोण जाणे, पण त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट समान असे. सरकार ज्वारीकडे केवळ दाणा म्हणून पाहत होते. शेतकऱ्याच्या हिशेबात दाण्याइतकाच कडबा महत्त्वाचा होता. बैल जगला तर पुढचे पीक. लेव्हीच्या कागदावर कडब्याला रकाना नव्हता.

युद्ध संपल्यावर नियंत्रणे राहावीत की जावीत, हा वाद पेटला. गांधीजी नियंत्रणांच्या विरुद्ध होते. नियंत्रणामुळे माणसे खोटे बोलायला शिकतात आणि काळाबाजार वाढतो, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूला सरकारनेच १९४७ साली नेमलेले वस्तुमूल्य मंडळ होते. त्यात ए. डी. गोरवाला हे अध्यक्ष आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य. मुंबईच्या पुरवठा व्यवस्थेचा गोरवालांना प्रत्यक्ष अनुभव होता, आणि युद्धकाळातल्या आर्थिक धोरणावर गाडगीळांनी आधीच लिहिले होते. घाईने नियंत्रणे उठवू नयेत, असे या दोघांचे मत होते. सरकारने डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठवायला सुरुवात केली, भाव भडकले आणि वर्ष पुरे होण्याआधीच नियंत्रणे परत आणावी लागली. पुढे चांगली पिके आणि रफी अहमद किडवाई यांचे धाडस यांमुळे १९५४पर्यंत ती पुन्हा गेली. पण कायद्याचे हत्यार सरकारने खाली ठेवले नाही. १९४६चा तात्पुरत्या अधिकारांचा कायदा संपला आणि त्याच्या जागी १९५५चा जीवनावश्यक वस्तू कायदा आला. तो आजही चालू आहे. साठा किती करायचा, भाव किती घ्यायचा, माल कुठून कुठे न्यायचा, हे सारे एका आदेशाने ठरवण्याची सोय त्यात आहे. महाराष्ट्रातले १९६६ आणि १९७५चे शिधावाटपाचे आदेश याच कायद्याच्या पोटातले.

या जुन्या वादात दोन्ही बाजूंनी एक प्रश्न विचारला नाही. शहराला स्वस्त धान्य द्यायचे की नाही यावर भांडण झाले. कोणते धान्य द्यायचे यावर झाले नाही. मिळेल ते द्यायचे, हे गृहीत होते. टंचाईत ते योग्यच होते. पण टंचाईतली सवय पुढे धोरण झाली.

‘मिळेल ते’ म्हणजे काय, हे ठरले अमेरिकेत. तिथल्या काँग्रेसने १९५४ साली जादा शेतमालाच्या विल्हेवाटीसाठी कायदा केला. आपण त्याला ‘पीएल ४८०’ म्हणून ओळखतो. भारताने १९५६ मध्ये या कायद्याखाली पहिला करार केला. रुपयांत पैसे चुकते करायचे, डॉलर लागत नाहीत, म्हणून तो सोयीचा होता. गहू जहाजांनी मुंबई बंदरात उतरू लागला. १९६६ साली, लागोपाठच्या अवर्षणांच्या काळात, देशाची धान्य आयात एक कोटी टनांच्या वर गेली. त्या धान्यात लालसर रंगाची ‘मिलो’ही होती. ती ज्वारीच्याच कुळातली, पण तिकडे ती जनावरांना घालतात हे इथे सर्वांना ठाऊक झाले होते. मिलोची भाकरी थापता येई, पण तिला आपल्या ज्वारीची चव नसे, रंग नसे. ज्या पिढीने रेशनवरची मिलो खाल्ली तिच्या मनात ‘सरकारी ज्वारी’ या शब्दाला अपमानाचा वास चिकटला. गव्हाच्या बाबतीत उलटे झाले. अमेरिकन गहू आपल्या बन्सी-खपलीसारखा नव्हता, तरी तो गहू होता. सणाचे धान्य रोज कार्डावर मिळत होते.

याच दशकात गव्हा-तांदळाची पुढची सगळी यंत्रणा उभी राहिली. अन्न महामंडळाचा कायदा १९६४चा, महामंडळ सुरू झाले जानेवारी १९६५ मध्ये. त्याच महिन्यात कृषिमूल्य आयोग आला आणि मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ मो. ला. दांतवाला त्याचे पहिले अध्यक्ष झाले. देशाची विभागणी धान्याच्या क्षेत्रांत झाली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यावर बंधने आली. महाराष्ट्र हे तुटीचे राज्य. त्याने आपल्या वाट्याचे धान्य मिळवण्यासाठी साठच्या दशकाच्या मध्यापासून ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली. म्हणजे शेतकऱ्याने जादा ज्वारी विकायची ती सरकारलाच, पणन महासंघ आणि सहकारी संस्थांच्या मार्फत, ठरलेल्या भावाने. पुढे या योजनेने अनेक रूपे बदलली. कधी एकाधिकार, कधी लेव्ही, कधी आधारभूत भावाने खुली खरेदी.

ज्वारीची सरकारी खरेदी आणि गव्हाची सरकारी खरेदी यांत मूलभूत फरक होता, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली त्यात आहे. पंजाब-हरियाणातली खरेदी मुख्यतः शेतकऱ्याला भावाची हमी देण्यासाठी होती. जेवढा गहू येईल तेवढा घेऊ, असा तिचा अर्थ होत गेला. त्या हमीच्या भरवशावर शेतकऱ्याने विहीर खणली, खते घातली, नवे वाण घेतले. महाराष्ट्रातली ज्वारीची खरेदी मुख्यतः शहराच्या आणि तुटीच्या भागाच्या शिध्यासाठी होती. भाव वाढू नयेत, हा तिचा हेतू. पंजाबात सरकार गिऱ्हाईक म्हणून आले, तर सोलापुरात वसुलीला आले. एकाच कायद्याच्या दोन टोकांना दोन पिकांचे दोन वेगळे नशीब लिहिले गेले.

संकरित ज्वारीने काही काळ वेगळी आशा दाखवली. सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण १९६४ साली प्रसारित झाले. खरिपात उत्पादन खूपच वाढले. पण त्याचे ताट बुटके, कडबा थोडा आणि तो जनावरे आवडीने खात नसत. शिवाय ते लवकर तयार होई, आणि नेमके परतीच्या पावसात सापडे. दाणा काळा पडे. ही काळी ज्वारी घरी कोणी ठेवत नसे. ती विकायची, म्हणजे सरकारी केंद्रावर घालायची. तिथून ती रेशन दुकानात जाई. घरी खायला मालदांडी, रेशनवर संकरित, अशी ज्वारीचीच दोन जातींत विभागणी झाली. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बीत सर्वांत आवडती आहे. पण ती कोरडवाहू, ओल धरून येणारी, कमी उताऱ्याची. तिला स्वस्त करणे अवघड होते आणि तसा प्रयत्नही झाला नाही. लाल मिलोने सुरू केलेले काम काळ्या संकरित ज्वारीने पुरे केले. गरिबाला जी ज्वारी स्वस्तात मिळे ती खावीशी वाटत नसे, आणि खावीशी वाटे ती स्वस्तात मिळत नसे.

१९७२चा दुष्काळ या व्यवस्थेची परीक्षा होता. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. राज्याची लोकसंख्या त्या वेळी पाच कोटींच्या आसपास. म्हणजे दर दहांतला एक माणूस खडी फोडत होता किंवा पाझर तलावाची माती वाहत होता. ‘सुकडी’ हा शब्द त्या दुष्काळाची खूण म्हणून राहिला. या काळाचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ द्रेझ यांनी दाखवून दिले आहे की, माणसे वाचली ती प्रामुख्याने हातात मजुरी पडल्यामुळे. केंद्राकडून येणारे धान्य मागणीच्या मानाने फार तोकडे होते. हातातल्या पैशामुळे परराज्यांतून धान्य आले. क्षेत्रबंदीचे कायदे असतानाही आले, काही तर कायदा चुकवूनच आले. एप्रिल १९७३ मध्ये केंद्राने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला. तो प्रयोग वर्षभरात गुंडाळावा लागला. याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे काढले. ते लाटणे मला बोलके वाटते. चळवळीची निशाणी म्हणून तव्यावर भाकरी थापणारा हात पुढे आला नाही, पोळी लाटणारे लाटणे आले. मुंबईच्या मध्यम आणि कामगार वर्गाच्या घरात गव्हाने तोवर रोजची जागा घेतली होती.

दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून अमलात आला. मजुरीचा काही भाग धान्यात देण्याची पद्धतही वेळोवेळी अवलंबली गेली. एकीकडे या राज्याने कामाचा हक्क देणारा देशातला अग्रगण्य कायदा केला, आणि दुसरीकडे त्या कामावर येणारा मजूर ज्या शेतातून येत होता त्या शेतातल्या पिकाला आधार दिला नाही. दोन्ही गोष्टी एकाच सरकारने, एकाच काळात केल्या. यात दुष्टावा नव्हता. रोजगाराचे खाते वेगळे, पुरवठ्याचे खाते वेगळे, शेतीचे वेगळे. ज्वारी या तिन्हींच्या मधल्या जागेत पडली.

हरितक्रांतीनंतर अन्न महामंडळाची कोठारे गव्हा-तांदळाने भरली. ते धान्य वाटणे ही नवी गरज झाली. १९९७ साली लक्ष्य निर्धारित वाटप आले, कार्डांचे पिवळे, केशरी, पांढरे असे रंग पडले. २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला आणि महाराष्ट्राने तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू केला. राज्यातल्या सात कोटी माणसांना त्याचा लाभ मिळतो. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला ५ किलो. या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तीन भाव छापले आहेत. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया. म्हणजे कायद्याप्रमाणे सर्वांत स्वस्त धान्य ज्वारी-बाजरीच असायला हवे. प्रत्यक्षात दुकानदाराच्या काट्यावर बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच पडतात. राज्यात आधारभूत भावाने घेतलेली थोडीफार ज्वारी मधूनमधून काही जिल्ह्यांत वाटली जाते, पण ती नियमाने मिळेल असा भरवसा कोणी धरत नाही. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झाले आहे.

आता घरचा हिशेब पाहू. पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला पंचवीस किलो धान्य फुकट मिळते. तेवढीच ज्वारी विकत घ्यायची आणि किलोला चाळीस रुपये धरले, तर हजार रुपये मोजावे लागतात. चांगल्या मालदांडीला याहून जास्तच पडतात. मजुरी करणारी कोणती बाई हजार रुपये देऊन भाकरी थापील? २०२४-२५ सालासाठी केंद्राने मालदांडी ज्वारीला क्विंटलमागे ३,४२१ रुपये आधारभूत भाव जाहीर केला, तर त्या वर्षीच्या गव्हाला २,२७५. शेतातच ज्वारी दीडपट महाग. त्यावर गव्हाला साठवण, वाहतूक आणि वाटप यांचा सारा खर्च सरकारचा. ज्वारीला तो ग्राहकाचा. स्वस्त धान्याच्या कायद्याने ज्वारी महाग केली, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

अन्नप्रक्रिया उद्योगाचाही यात वाटा आहे. गव्हाचे पीठ, मैदा, रवा महिनोन्महिने पिशवीत टिकतो. पाव, बिस्किटे, खारी यांचा सारा कारभार त्यावर उभा आहे. केंद्र सरकारने १९६५ साली मॉडर्न बेकरीज ही स्वतःची पाव बनवणारी कंपनी काढली, त्यामागेही गव्हाचे पौष्टिक अन्न शहरांना पुरवण्याची कल्पना होती. ज्वारीच्या पिठाचे तसे नाही. ते चार दिवसांत जुने होते, विरी जाते, भाकरी तव्यावर पडायच्या आधीच परातीत चिरते. गिरणीतून ताजे दळून आणायचे, हा त्याचा नियम. त्यामुळे उद्योगाने ज्वारीकडे पाहिले ते वेगळ्याच कारणासाठी. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देण्याचे धोरण आणले. काळ्या पडलेल्या, विकल्या न जाणाऱ्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल, हे त्याचे समर्थन. सामाजिक कार्यकर्त्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि त्यावर राज्यभर वाद झाला. दारूबंदीच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. पण काळी ज्वारी विकली का जात नाही, ती काळी पडणारी जातच का पेरली गेली, आणि जी काळी पडत नाही तिला शिधावाटपात जागा का नाही, हे प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिले.

माझ्या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते घ्यायलाच हवेत. पहिला आक्षेप असा की, ज्वारी कमी झाली ती पाण्यामुळे आणि पैशामुळे. विहीर आली की ऊस आला, विदर्भ-मराठवाड्यात नव्वदीनंतर सोयाबीन आले, ज्वारीची राखण कोण करणार, पाखरे कोण हाकणार, उपटायला मजूर कुठून आणणार? हे सारे खरे आहे. पण सोयाबीन आणि ऊस यांना निदान बाजार होता, कारखाना होता, तेल गिरणी होती. ज्वारीचे सगळ्यांत मोठे नैसर्गिक गिऱ्हाईक म्हणजे खेड्यातला गरीब माणूस, आणि तेच गिऱ्हाईक सरकारने गहू देऊन काढून घेतले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाकरी थापणे कष्टाचे काम आहे. पहाटे चुलीपुढे बसून दहा-बारा भाकऱ्या थापणाऱ्या बाईला पोळीने सुटका दिली असेल, तर भाकरीचे गोडवे गाण्याचा अधिकार ज्यांनी कधी थापली नाही त्यांना नाही. हा आक्षेप मी मान्य करतो. म्हणूनच, सर्वांनी पुन्हा भाकरीकडे वळावे, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे निवडीपुरते आहे. आज पुण्या-मुंबईच्या दुकानात ज्वारीचे पीठ, ज्वारीच्या लाह्या, ज्वारीची बिस्किटे आरोग्याच्या नावाखाली चढ्या भावाने मिळतात. सधन माणूस गहू की ज्वारी हे ठरवू शकतो. कार्डावरच्या माणसासाठी ते अन्यत्र ठरून आलेले असते.

दुसरी वाट अशक्य नव्हती. शेजारच्या कर्नाटकाने आधारभूत भावाने नाचणी आणि ज्वारी विकत घेऊन ती रेशनवर दिली आहे. दक्षिणेकडे नाचणी, उत्तरेकडे ज्वारी, ज्या भागात जे खातात ते. तेलंगणातल्या झहीराबादेकडे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीबरोबर काम करणाऱ्या दलित स्त्रियांनी पडीक जमिनीत ज्वारी पिकवून गावातच तिचे स्वस्त वाटप करून दाखवले. दोन्हीकडे धान्य दूरवरच्या कोठारातून आले नाही. ते जवळच पिकले, जवळच साठले आणि जवळच खाल्ले गेले. मध्यवर्ती व्यवस्थेला नेमके हेच अवघड जाते. तिला एकसारखा दाणा हवा, लाखो टनांत हवा, रेल्वेच्या वॅगनमध्ये घालून कुठेही नेता येईल असा हवा. ज्वारी दर तालुक्याला थोडी वेगळी, दर वर्षी कमी-जास्त. मोजायला, साठवायला आणि हलवायला जे धान्य सोपे, त्याच्या बाजूने कायदा झुकला.

एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे नवे नाव अधिसूचनेने दिले. २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. सरकारी मेजवान्यांत ज्वारीचे पदार्थ आले, जाहिराती आल्या, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. अन्न सुरक्षा कायद्याच्या अनुसूचीत मात्र तिचे जुने नाव, भरड धान्य, तसेच आहे, आणि त्यापुढचा एक रुपयाही. महाराष्ट्राला वेगळा कायदा करण्याची गरजसुद्धा नाही. सोलापूर, बीड, धाराशिव, परभणीसारख्या जिल्ह्यांत रब्बीची ज्वारी आधारभूत भावाने वेळेवर घ्यायची, तिथल्याच गोदामात ठेवायची आणि तिथल्याच कार्डांवर गव्हाच्या जागी मागेल त्याला द्यायची, एवढे केले तरी आहे त्या कायद्याचे पालन होईल. शेतकऱ्याला दाण्याचा भाव मिळेल, कडबा त्याच्या दावणीला राहील, आणि रेशनच्या रांगेतल्या बाईला दुकानदाराला सांगता येईल की या महिन्यात गहू नको, ज्वारी घाला.